माळकरी बारटेंडर

दारूच्या काउंटरमागे उभं राहायचं तर आधी कोर्स करावा का, असा प्रश्न जालन्यात कोणाला पडत असेल यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही. पण पडतो. दोन हजार सालानंतर तर बराच पडायला लागला. औरंगाबादला मोठी हॉटेलं झाली, पुण्याच्या हॉटेलांना तर अंतच नाही, आणि बारावीत नापास झालेली पोरं विचारू लागली, की हे बारटेंडर म्हणतात ते कसं व्हायचं. अशा पोरांना कोणीतरी भुजंग अंभोरेकडे पाठवून द्यायचं, कारण त्या विषयाचं सर्टिफिकेट असलेला माणूस ओळखीपाळखीत तो एकटाच. भुजंग कोणाला म्हणायचा, अवश्य कर. कोणाला म्हणायचा, बिलकुल करू नको, वेळ जाईल. एकाच आठवड्यात दोघांना दोन उत्तरं दिल्याचंही लोकांनी ऐकलं होतं. माणूस लहरी आहे, असं लोक म्हणायचे. लहरी वगैरे काही नव्हता. त्याचं स्वतःचंच अजून ठरलं नव्हतं.

भुजंग टेंभुर्णीचा. जमीन बऱ्यापैकी, खाऊनपिऊन सुखी घर, त्यातलं पिणं पाण्याचं आणि चहाचं, कारण घरात सगळे माळकरी. बाप रामकिसन, म्हणजे घरातले आबा, यांनी तो नऊ-दहा वर्षांचा असताना गावच्या सप्ताहात स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती. मांस-मच्छी नाही, दारू नाही, एकादशी चुकवायची नाही. भुजंगला यातलं काही कधी जड गेलं नाही. जड गेलं ते गणित. दहावीला तो दोनदा बसला आणि दोनदा आपटला. मग बापाने शेतात घालून पाहिलं, तिथेही त्याचं मन लागेना. शेवटी जालन्याच्या मोंढ्यात एका आडतीवर त्याला चिकटवून दिलं. पोती उतरवून घ्यायची, थप्पी लावायची, शेतकऱ्याला चहा पाजायचा.

जालना जिल्हा झाला, त्याच्या पुढचं-मागचं ते साल. गावात कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे साहेब आले, साहेबांमागे कंत्राटदार, आणि कंत्राटदारांमागे परमिट रूम. अण्णासाहेब म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनीही मोंढ्याच्या वाटेवर एक परमिट रूम काढली. धंदा चांगला होता, फक्त काउंटरवर माणूस टिकत नव्हता. ज्याला ठेवावं तो महिन्याभरात घोट घोट करून बाटल्या खाली करायचा आणि वरून पाणी भरून ठेवायचा. गिऱ्हाईक शिव्या मालकाला द्यायचं. अण्णासाहेब पार वैतागून गेले होते. अशात एके दिवशी आडतीवर त्यांनी भुजंगच्या गळ्यातली माळ पाहिली. शिक्षण नाही विचारलं, अनुभव नाही विचारला. उद्यापासून काउंटरवर ये म्हणाले. दारू राखायला माळकरी ठेवायचा, ही अण्णासाहेबांची अक्कल पुढे आणखी एक-दोघा मालकांनी उचलली.

भुजंग विचारायला टेंभुर्णीला गेला. आई गोजरबाईने डोळ्यांना पदर लावला. रामकिसन संध्याकाळभर आपलं काम करत राहिले. हातातलं काम संपल्यावर त्यांनी पोराला समोर बसवलं.

"इकनं हा धंदा हे," ते म्हणाले. "पोटासाठी मानूस काहीबी इकतो. जा तू. पन एक घोट जरी तोंडात गेला, तर माळ गळ्यात ठेवू नको. मला आनून दे. खोटी माळ घालून फिरला तर मला चालनार न्हाई."

भुजंगने मान डोलावली. त्यात अवघड काय आहे, असंच त्याला वाटलं.

आणि अवघड काही गेलंही नाही. वर्षामागून वर्षं तो काउंटरमागे उभा राहिला. माप गिऱ्हाईकासमोर काठोकाठ भरायचा आणि थेंब न सांडता ग्लासात रिकामं करायचा. बोटाला लागलेलं पुसायला खांद्यावर एक फडकं असायचं, तेसुद्धा तो घरी न नेता तिथेच धुऊन वाळत घालायचा. लोक त्याला महाराज म्हणू लागले. 'महाराज, एक क्वार्टर द्या,' असं जगात दुसऱ्या कुठल्या गावात कोणी म्हणत असेल असं वाटत नाही. मोंढ्यातले व्यापारी काकासाहेब दर शनिवारी यायचे, तर बाटलीकडे पाहायचेसुद्धा नाहीत. महाराजाने ओतली म्हणजे बराबरच असणार, असं ते शेजारच्या टेबलालाही ऐकवायचे. भुजंगचं लग्न झालं तेही याच भांडवलावर. भोकरदनकडच्या उषाबाईचे वडील पोरगा बारमध्ये आहे म्हटल्यावर उठूनच चालले होते. गळ्यातली माळ दिसली तेव्हा परत बसले आणि चहा प्याले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माणसाला नसती खाज सुटते. पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराला बियाण्यांच्या एका कंपनीचा बाहेरगावचा साहेब अण्णासाहेबांकडे आला आणि त्याने काहीतरी नाव घेऊन एक पेय मागितलं. लिंबू, साखर, बर्फ, सगळं हलवून एकत्र केलेलं. भुजंगला काही कळेना. साहेब भला माणूस होता. हसला नाही, उलट त्यानेच कौतुकाने सांगितलं, की तुमचा हात फार सफाईदार आहे, औरंगाबादला या कामाचा काही महिन्यांचा कोर्स निघालाय, तो करा. याला बारटेंडर म्हणतात. नवीन मोठं हॉटेल उघडतंय, ते तिथूनच माणसं उचलणार आहेत.

भुजंगच्या डोक्यात ते बसलं ते बसलंच. आपण इतकी वर्षं जे करतोय त्याला नाव आहे, त्याची शाळा आहे, त्यात पास-नापास आहे, हे त्याला माहीतच नव्हतं. दोनदा आपटलेल्या माणसाला पास होण्याची भूक असते, ती पोटातल्या पोटात राहते इतकंच. त्याने अण्णासाहेबांजवळ विषय काढला. ते खो खो हसले.

"तुला शिकून काय करायचंय रे भुजंगा? तुझं सर्टिफिकेट तर गळ्यातच लटकून राह्यलंय."

अण्णासाहेब प्रेमाने बोलले होते, पण भुजंगला ते फार लागलं. म्हणजे इतकी वर्षं मन लावून केलेलं काम हे काहीच नाही, काउंटर चालवत होती ती माळ. उद्या एखाद्या खुंटीला माळ घातली तरी अण्णासाहेबांचं काम भागेल. त्या रागातच त्याने जायचं ठरवलं. अण्णासाहेबांनी नाइलाजाने सुट्टी दिली आणि तेवढ्यापुरता दुसरा माणूस पाहिला.

औरंगाबादला वर्गात सगळी विशीतली पोरं. भुजंग पस्तिशीला टेकलेला, पांढरा सदरा, कपाळावर बुक्क्याचा ठिपका. पहिल्या दिवशी सर यायच्या आधीच मागून एक जण म्हणाला, "काका, कीर्तन पलीकडच्या गल्लीत." सगळा वर्ग हसला. भुजंगही हसला, न हसून करतो काय. पण दुसऱ्या दिवसापासून बुक्का गेला आणि सदऱ्याची वरची गुंडी लागली, माळ आत झाकली गेली. त्या गुंडीने पुढे काय केलं ते पाहता, असं वाटतं की त्या दिवशी त्याने हसायच्या ऐवजी भांडायला हवं होतं.

शिकण्यात तो मागे पडला नाही. कोणत्या पेयाला कोणता ग्लास, काय हलवायचं, काय नुसतं ढवळायचं, सगळं त्याने मान मोडून पाठ केलं. इंग्रजी नावं तो देवनागरीत लिहून घ्यायचा. खोलीत घनसावंगीकडचा मच्छिंद्र नावाचा पोरगा जोडीला होता. ऊसवाल्या घरचा, शेतीतून सुटायला आलेला, गोड बोलणारा. तो भुजंगला इंग्रजी वाक्यं शिकवायचा आणि भुजंग त्याला न सांडता ओतायला. सर पुण्याकडचे होते, शिस्तीचे, पण मनाने वाईट नव्हते. भुजंगचा हात पाहून ते बाकीच्यांना म्हणायचे, बघा, याला म्हणतात सवय.

मग चवीचे धडे सुरू झाले. पाहुण्यापुढे ठेवण्याआधी प्रत्येक पेय चमचाभर चाखून पाहायचं, आंबट जास्त झालं की गोड ते ओळखायचं आणि दुरुस्त करायचं. भुजंग पहिले काही दिवस चमचा ओठांपर्यंत न्यायचा आणि नजर चुकवून फडक्यात ओतायचा. विचारलं की अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचा. अंदाज कधी बसायचा, बहुतेक वेळा फसायचा. परीक्षा जवळ आली तसं सरांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. चव कळत नसेल तर बाकीचं सगळं येऊन काय उपयोग, असं स्पष्टच म्हणाले.

तिथे एक वाक्य बोलायचं होतं. मी माळकरी आहे, मला चालत नाही. बस. पण ते बोलायचं म्हणजे त्या पोरांसमोर वरची गुंडी काढायची. उद्यापासून लक्ष देतो, एवढंच भुजंग म्हणाला.

रविवारी दुपारी खोलीत त्याने माळ काढली. स्वच्छ रुमालात गुंडाळून पेटीत ठेवली. सोमवारी वर्गात चमचाभर दारू जिभेवर घेतली आणि गिळली. कडू, जळजळीत, लिंबाखाली झाकलेली. पहिला विचार मनात आला तो, एवढंच होय. ज्याच्यासाठी लोक घरंदारं विकतात आणि ज्याच्यापासून आबांनी आपल्याला जन्मभर राखलं, ते एवढंच. त्याला हसू आलं. सरांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, आंबट जास्त आहे. बरोबर निघालं.

परीक्षेपुरते असे काही चमचे झाले. कोर्स संपला तेव्हा मच्छिंद्रने पेटीतल्या रुमालाकडे बोट दाखवलं.

"घाला ना परत, भाऊ. पीत थोडंच व्हते तुम्ही, शिकून राह्यल्ते. कोनाला माहीत हे?"

"मला माहीत हे," भुजंग म्हणाला.

बापाला दिलेला शब्द त्याने एवढा मात्र पाळला. खोटी माळ घातली नाही. आणि माझ्या मते त्याचं खरं नुकसान इथेच सुरू झालं, कारण शब्दाचा दुसरा अर्धा भाग, माळ नेऊन बापाच्या हातात द्यायची, तो त्याच्याने झाला नाही.

तो पहिल्या वर्गात पास झाला. नवीन हॉटेलची माणसं मुलाखतीला आली. त्यांनी भुजंगचं ओतणं पाहिलं, वा म्हणाले, मग इंग्रजीत दोन प्रश्न विचारले आणि वय विचारलं. अनुभव परमिट रूमचा आहे म्हटल्यावर एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. मच्छिंद्रला घेतलं. त्याचं वय, त्याचं बोलणं, आणि कोरी पाटी, सगळं त्यांना हवं तसं होतं. कोर्सचा उपयोग होतो का, या प्रश्नाचं एक उत्तर हे. मच्छिंद्रला झाला. त्याच्या कामाची सुरुवातच कोर्सने झाली.

भुजंग सर्टिफिकेट फ्रेम करून जालन्याला आला. अण्णासाहेबांसमोर त्याने ते ठेवलं. अण्णासाहेबांनी ते पाहिलंच नाही. ते त्याच्या गळ्याकडे पाहत होते. माळ कुठे गेली म्हणून त्यांनी विचारलं. भुजंगने खरं ते सांगितलं, चमच्याचंही सांगितलं. अण्णासाहेबांनी फ्रेम त्याच्याकडे परत सरकवली. मग म्हणाले, बरं, उभा राहा काउंटरवर, माझा विश्वास आहे.

दुसऱ्या दिवशी भुजंगने कपाट उघडलं तर फोडलेल्या प्रत्येक बाटलीच्या लेबलावर दारूच्या पातळीला पेन्सिलची बारीक रेघ होती. पूर्वीच्या माणसांच्या वेळी अण्णासाहेब अशा रेघा मारून ठेवायचे, हे त्याने ऐकलं होतं. त्याच्या इतक्या वर्षांत एकदाही मारली नव्हती. तो रेघांकडे पाहत उभा राहिला. भांडावं असं वाटलं, पण भांडणार कशावर? त्या शनिवारी काकासाहेब आले. नेहमीसारखे गोड बोलले आणि मग म्हणाले, महाराज, सीलबंद बाटली समोर फोडा जरा. ग्लास त्यांनी उजेडात धरून पाहिला. भुजंगने सर्टिफिकेट काउंटरमागच्या भिंतीवर लावलं होतं. ते काकासाहेबांच्या डोळ्यांच्या बरोबर समोर होतं, पण त्यांना दिसलं नाही.

आयुष्यात घोट घेतला नव्हता तेव्हा, आणि शिकायला म्हणून चमचाभर घेतली तेव्हा, माणूस तोच होता. उलट आता त्याला काम जास्त येत होतं. पण अण्णासाहेबांच्या बारमध्ये लिंबू-साखरेचं पेय कोणी मागत नव्हतं. तिथे लोकांना एकच गोष्ट हवी होती, की ओतणाऱ्यावर डोळे झाकून विसंबता यावं. ती तो औरंगाबादला ठेवून आला होता. हळूहळू लोक त्याला महाराज म्हणायचे थांबले. कोणी ठरवून नाही, आपोआपच.

तो तिथेच राहिला. दुसरीकडे जाऊन करणार काय होता? टेंभुर्णीला जायचा तेव्हा गळ्याभोवती उपरणं गुंडाळायचा, उन्हाळ्यातसुद्धा. रामकिसन यांना मोतीबिंदू झाला होता, त्यांना दिसत नाही असं तो स्वतःला समजावायचा. उषाबाई प्रत्येक वेळी परतीच्या बसमध्ये म्हणायची, आबांना सांगून टाका. तो म्हणायचा, पुढच्या खेपेला. त्याला बापाच्या रागाची भीती नव्हती. बाप रागावणार नाही, नुसता हात पुढे करून माळ घेईल आणि घरात जाईल, याची भीती होती.

सहा-सात वर्षं अशी गेली. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात घनसावंगीला मच्छिंद्रच्या बहिणीचं लग्न होतं. मच्छिंद्र आता हॉटेलच्या बारचा मुख्य झाला होता, तरी आमंत्रण द्यायला स्वतः आला. लग्नात सरही आले होते. पंगत उठल्यावर मांडवात सरांनी भुजंगला ओळखलं आणि काय चाललंय म्हणून विचारलं. कसं कोण जाणे, भुजंगने त्यांना सगळं सांगितलं. कदाचित आता सरांपासून लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून.

सर खुर्चीत सरळ झाले. "अहो, मग बोलला का नाहीत? तुमच्या पुढच्याच बॅचला एक मुलगा होता. त्याच्या धर्मात चालत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं. मी शेजारच्याला चाखायला लावायचो आणि हा त्याला विचारून विचारून बरोबर करायचा. चांगल्या मार्कांनी पास झाला. एक शब्द बोलायचा होता तुम्ही."

भुजंग उठला. सरांसाठी त्याने पान आणून दिलं आणि घरी परतला. दुसऱ्या दिवशी त्याने पेटीतून रुमाल काढला आणि एकटाच टेंभुर्णीची गाडी धरली.

रामकिसन अंगणात बाजेवर बसले होते. भुजंगने आज उपरणं घेतलं नव्हतं. तो त्यांच्या पायाशी बसला, रुमाल उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पहिल्यापासून सांगत गेला. गुंडीचं, चमच्याचं, रेघांचं, सरांचं. म्हाताऱ्याने बोटांनी मणी चाचपले.

"किती दिस झाले?"

"सात वर्सं व्हतील, आबा."

"अन् सात वर्सं पेटीत ठेवली?"

"तुमीच म्हनले व्हते, तोंडात गेली तर गळ्यात ठेवू नको."

"आनून दे म्हनलो व्हतो," रामकिसन म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "कशाला म्हनलो व्हतो? एक एकादशी निर्जळी धराया लावली असती अन् दुसऱ्या दिवशी परत घातली असती. पोरगं चुकलं तर बापानं दुसरं काय करायचं असतं?"

भुजंगला ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. एका ठिकाणी एक शब्द बोलायचा होता आणि एका ठिकाणी फक्त यायचं होतं. दोन्ही दारं उघडी होती. त्याने कोणतंच ढकलून पाहिलं नाही आणि इतकी वर्षं जगाला दोष देत, स्वतःला दोष देत, बाटल्यांवरच्या रेघा पाहत उभा राहिला.

"मंग आता घाला, आबा," तो म्हणाला. "एकादशी परवा हे. मी धरतो."

"परवाची वाट कशाला पाहू? वय पाह्य माझं. जवळ सरक."

भुजंगने मान वाकवली. रामकिसन यांनी माळ त्याच्या गळ्याभोवती घेतली आणि मागे दोऱ्याची टोकं धरली. त्यांचे हात वर्षभरापासून कंपवाताने कापत होते. पहिली गाठ निसटली. दुसऱ्यांदा दोरा बोटातूनच सुटला. गोजरबाई घरातून पाहत होती. मी बांधते म्हणत ती पुढे आली, तर म्हाताऱ्याने मान हलवून तिला थांबवलं आणि ते पुन्हा टोकं शोधू लागले. मणी भुजंगच्या मानेवर घासत होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळून खालच्या मातीवर पडत होतं, आणि बापाला दिसत नसल्यामुळे पोटभर पडत होतं.

शेवटी रामकिसन यांनी हात खाली घेतले.

"तवा आला असता तर बसली असती गाठ," ते म्हणाले. "तवा हात चालत व्हते माझे."

भुजंग मान वाकवून तसाच बसून राहिला.